आउटलेटला सात

चितेगावच्या कडूबाला एका गोष्टीचा भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता. पैठण रोडवरच्या एका केमिकलच्या कारखान्यात सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर तो सव्वीस वर्षं ऑपरेटर होता. तिथं आत येणारं पाणी असं, की त्यात चप्पल पडली तर संध्याकाळपर्यंत तिचा खिळासुद्धा हाती लागू नये. निव्वळ आम्ल! कडूबा त्यात कालवलेला चुना सोडायचा, कागदाची पट्टी बुडवायचा, रंग बघायचा आणि परत चुना सोडायचा. पट्टी लाल झाली तर आम्ल, निळी झाली तर खार, आणि हिरवी झाली म्हणजे सात. सात म्हणजे ना इकडं ना तिकडं. पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाला प्लांटवर आउटलेट म्हणत. आउटलेटला सात आलं की कडूबा कानावरची पेन्सिल काढून तक्त्यात सात लिहायचा, आणि मगच तंबाखू मळायचा.

आता कुणी म्हणेल, ह्यात काय मोठं? अहो, ज्यानं केलंय त्याला विचारा. दोनावरून चारावर यायला पोतंभर चुना लागतो, आणि सहाच्या पुढं तांब्याभर जास्त गेला की काटा थेट दहावर! तिथं सातावर धरून ठेवणं म्हणजे अंगाला घाम फुटतो. कॉलेजातून नवे आलेले साहेब हात टेकायचे. कडूबा मात्र नाकानंच सांगायचा, ‘साहेब, अजून अर्धी बादली.’ आणि अर्धी बादलीच लागायची.

आणि घ्या, अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोच्या अंगात आम्ल वाढलं.

साळूबाईची तब्येत तशी दोन-तीन वर्षांपासूनच कुरकुरत होती. तोंडाला कोरड पडायची. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरायचा नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. दात एकेक करून किडून गेले. तिची आई वारली तेव्हा तर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि भावकीतल्या बायांनी नाकं मुरडली. साळूबाई नुसती म्हणाली, ‘‘रडू आतल्या आत येतं माय, बाहेर निघत नाय.’’ पुढं हातापायांतला जोर कमी व्हायला लागला तेव्हा बिडकीनच्या डॉक्टरानं रक्त तपासलं. किडनी निम्मी खराब झालीय, रक्तात आम्ल वाढलंय, पंधरा दिवसांत शहरात किडनीच्या डॉक्टरला दाखवा, असं त्यानं बजावून सांगितलं.

पण ‘आम्ल’ हा शब्द कानावर पडला आणि पुढचं कडूबाच्या कानात शिरलंच नाही. आम्ल? आमाला सांगतो आम्लाचं? ज्याच्या नाकाला ते दुरून कळतं, तो पंधरा दिवसांत शहराकडं पळणार होय?

दुसऱ्या दिवशी त्यानं प्लांटवरून पट्ट्यांचं एक उरलंसुरलं रीळ खिशात घालून आणलं. सकाळी साळूबाईला एक फुटका कप दिला आणि म्हणाला, ‘‘पहिल्या धारेचं ह्यात धर.’’

‘‘अगं बाई! आवो, मला काय टाकी समजलात का?’’ साळूबाईनं डोक्याला हात लावला. ‘‘आज पट्टी बुडवताय, उद्या माझ्या तोंडात चुना वतताल.’’

‘‘चुना नाय गं. लागलाच तर सोडा.’’

पट्टी हिरवी झाली. सात! दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी सात. कडूबानं वहीच घातली. शाळकरी पोरांची शंभर पानी वही, त्यात तारीख आणि पुढं आकडा. सलग तीन आठवडे सात भरल्यावर तो आरशापुढं मिशी पिळत म्हणाला, ‘‘फस्कलास! आउटलेट चोख हाय. दवाखान्याची काय गरज नाय.’’

शेजारी फकिरा राहायचा. त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या आणि तीन वर्षं तो हप्त्यातून दोनदा डायलिसिसला शहरात जायचा. किडनीचे सगळे नियम त्याला तोंडपाठ. तो मायेचा माणूस; त्यानं कडूबाला बसवून नीट समजावलं. ‘‘केळ बंद, नारळपाणी बंद, टमाटं बंद. पालेभाजी चिरायची, खळाखळा उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि मंग फोडणी. त्या पाण्यात पोटॅशियम असतं. आपल्यासारख्याला ते इख हाय. आन् मला डॉक्टरनं सोड्याच्या गोळ्या दिल्यात, आम्ल मारायला.’’

कडूबाला हेच हवं होतं. त्यानं खायच्या सोड्याचा डबाच आणला. रोज सकाळी एका बाटलीत दोन चमचे कालवून ती साळूबाईच्या उशाशी ठेवायचा आणि संध्याकाळी ती रिकामी झाली का ते बघायचा. भाजीही तोच उकळायचा. सव्वीस वर्षांत ज्यानं स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, तो पहिल्या पाळीला जायच्या आधी चुलीपुढं बसून मेथी-पालक उकळायला लागला. ते हिरवं पाणी मोरीत कशाला वाया घालवायचं, म्हणून मोरीमागच्या केळीला नेऊन ओतायचा. रोज पातेलंभर.

साळूबाई ती चिपाडासारखी भाजी गुमान खायची. एकदा फकिराची बायको सरूबाई तिला म्हणाली, ‘‘काय चव लागती गं ह्याला? नाय म्हण की सरळ.’’

‘‘कशाला नाय म्हणू?’’ साळूबाई म्हणाली. ‘‘एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंय ह्या माणसानं. बघू दे अजून थोडं.’’

असे आठ महिने गेले. केळ अशी माजली की बघत राहावं; पानं हातभर रुंद आणि घड जमिनीला टेकायला आलेला. आणि साळूबाई? आधी भरलेली घागर उचलेना. मग जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. कडूबानं सोड्याचे दोनाचे तीन चमचे केले. वहीत सात, सात, सात चालूच होतं.

संक्रांत झाल्यावरच्या सोमवारी सकाळी साळूबाईनं हाक मारली. हाक कसली, पुटपुटली. ‘‘आवो, माझे पाय कुठं हायेत?’’

पाय होते जागेवरच. पण हलत नव्हते. कडूबानं उचलून बघितले तर ओल्या फडक्यासारखे हातातून सुटून पडले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फकिराच्या पुतण्यानं जीप काढली. रस्त्यात हात गेले. शहर आलं तोवर मान धरवेना, आणि श्वास तेवढा भराभरा चाललेला, धावून आलेल्या माणसासारखा.

दवाखान्यात किडनीच्या डॉक्टर होत्या आबेदा मॅडम. पस्तिशीतल्या असतील, कपाळापर्यंत ओढणी, बोलणं कमी आणि हात झरझर चालणारे. त्यांनी साळूबाईला आत घेतलं, मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं, छातीला तारा लावल्या. पाच मिनिटांत चिठ्ठी आली. वॉर्डातला ब्रदर शफी ती मोठ्यानं वाचायला लागला, ‘‘मॅडम, पीएच सात पॉइंट बारा...’’

कडूबाचा जीव भांड्यात पडला. ‘‘सात हाय ना? मंग तर बरोबर हाय की मॅडम! सात म्हंजे चोख!’’

आबेदा मॅडमनी वळून बघितलं. ‘‘काका, तुम्हाला पीएच कळतो?’’

‘‘सव्वीस वर्षं तेच करतो.’’

‘‘मग ऐका. रक्ताला सात पूर्णांक चाळीस लागतं. खाली सात पूर्णांक पस्तीस, वर सात पूर्णांक पंचेचाळीस, एवढीच जागा. सात पूर्णांक बारा म्हणजे हे रक्त आम्लात बुडालंय. अजून थोडं खाली गेलं तर हृदय थांबेल.’’

‘‘एवढ्याशानं?’’

‘‘एवढ्याशानंच.’’

कडूबा उभ्या जागी गार झाला. त्याच्या प्लांटला सरकारी नियम साडेसहापासून साडेआठपर्यंतचा होता, आणि तेवढ्यात धरायला चार माणसं, दोन पंप, पोत्यांचा ढीग आणि दिवसातून बारा पट्ट्या लागायच्या. ह्या बाईनं शेहेचाळीस वर्षं ह्या केसभर फटीत रक्त धरून ठेवलं होतं? ठेचा खाऊन, आंबट ताक पिऊन, उपास करून, बाळंतपणं काढून, उन्हात खुरपून? कुणी पट्टी बुडवली नाही, कानावर पेन्सिल लावून कुणी उभं राहिलं नाही. असा ऑपरेटर हिच्या आत बसलाय आणि मी त्याला चमच्यानं शिकवायला निघालो, असं त्याच्या मनात आलं. पण भीती त्याहून मोठी होती. तो ओरडलाच, ‘‘मंग सोडा द्या ना मॅडम! बघताय काय? आम्लावर सोडा, बस!’’

‘‘नाही.’’

‘‘नाय म्हंजे?’’

‘‘सोडा द्यायचा आहे. पण आत्ता दिला तर त्या मरतील.’’ त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. ‘‘हे बघा, पोटॅशियम. साडेतीनच्या वर पाहिजे, एक पूर्णांक सहा आहे. म्हणून हातपाय गेलेत. हेच पोटॅशियम छातीचे स्नायू चालवतं. आता रक्तात चिमूटभर उरलंय, आणि सोडा गेला की ते रक्तातून उठून पेशींच्या आत शिरतं. चिमूटही उरणार नाही. मग श्वास बंद. आधी पोटॅशियम, मग सोडा. हा क्रम चुकवायचा नाही.’’

‘‘मंग तंवर आम्ल?’’

‘‘तोवर त्या स्वतः काढतायत.’’ त्यांनी काचेतून साळूबाईच्या वरखाली होणाऱ्या छातीकडं दाखवलं. ‘‘उगाच नाही धापा टाकत. किडनीतून निघत नाही ते आम्ल त्या श्वासावाटे हवेत सोडतायत. छातीनं साथ दिली तर दुपारपर्यंत आपण जिंकू. नाही दिली तर मशीन लावावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही.’’ मग शफीकडं वळून, ‘‘शफीभाई, पोटॅशियम का पंप कित्ते पे रखे?’’

‘‘दस पे, मॅडम.’’

‘‘बस. उससे जादा नक्को. जल्दी दिए तो दिल रुकता. और ग्लुकोज बिलकुल नक्को, सादी सलाईन में.’’

कमी पडलं तर श्वास जातो, घाईनं दिलं तर काळीज थांबतं! कडूबाला त्या थेंबांकडं बघवेना आणि नजर हलवताही येईना. असा डोस त्यानं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

पडद्याशेजारी बसायची परवानगी मिळाली. साळूबाईच्या डोक्यावरच्या यंत्रात हिरवी रेघ पळत होती. श्वास चालूच होते. कडूबा मोजत होता. मिनिटाला छत्तीस. मग अडतीस. मग चौतीस, आणि तेही वरवरचे. साडेअकराच्या सुमाराला तिचे ओठ हलले.

‘‘पाणी.’’

तोंडाची कोरड कशी असते ते कडूबाला ठाऊक होतं. त्यानं पिशवीत हात घातला आणि हाताला बाटली लागली. तीच, उशाशी असायची ती. घाईघाईत घरून तिच्या लुगड्यांबरोबर आलेली. तळाला सोड्याचा पांढरा साका बसलेला.

झाकण अर्धं फिरलं आणि मनात उलथापालथ सुरू झाली. दोन घोट! दोन घोटांनी काय होतंय? आठ महिने हेच दिलं ना? ही डॉक्टर पोरगी हुशार हाय, पर आम्लाला तिनं किती वर्षं बघितलंय? इथं माझी बायको आम्लात बुडालीय आणि माझ्या हातात सोडा हाय, आणि मी नुसता बसून ऱ्हावू? साळूबाई त्याच्याकडं बघत होती. ज्या भरवशानं ती बेचव भाजी खायची, त्याच भरवशानं.

आणि त्याला एकदम प्लांटवरचा एक दिवस आठवला. नव्या साहेबानं त्याचं न ऐकता आधी तुरटी टाकायला लावली, मग चुना. माल तोच, मापही तेच. फक्त क्रम उलटा. सगळी टाकी नासली, तीन दिवस गाळ वर तरंगत राहिला, आणि कडूबा साहेबाच्या तोंडावर म्हणाला होता, ‘साहेब, क्रमाला हात लावायचा नसतो.’

मॅडमनी तोच शब्द वापरला होता.

कडूबानं झाकण घट्ट लावलं. ‘‘ब्रदर!’’ तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. ‘‘मॅडमला बोलवा! माझ्याकडनं लई मोठी चूक झालीय!’’

आबेदा मॅडम पळत आल्या. कडूबानं बाटली पुढं धरली आणि सगळं ओकून टाकलं. शेजारच्या फकिराचा डायलिसिस आणि त्याचा सल्ला, सोडा, आठ महिने, दोनाचे तीन चमचे, बंद केलेली केळी, उकळून फेकलेलं भाजीचं पाणी. बोलताना त्याची मान वर होत नव्हती. मॅडम स्टुलावर बसल्या. शफीनं तोवर साळूबाईचे ओठ ओल्या कापसानं पुसले.

‘‘सकाळी मी विचारलं होतं, घरात काय देता म्हणून. तुम्ही काहीच नाही म्हणालात.’’

‘‘लाज वाटली मॅडम. पट्ट्या प्लांटवरच्या चोरून आणलेल्या.’’

‘‘कसल्या पट्ट्या?’’

त्यानं पिशवीतून वही काढून दिली. मॅडम पानं उलटायला लागल्या. तारीख, सात. तारीख, सात. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि मग ती हळूहळू सुटली. ‘‘काका, ही कसली मापं आहेत?’’

‘‘लघवीची. सकाळच्या पहिल्या धारेची.’’

‘‘सोडा सुरू करायच्या आधीची कोणती?’’

‘‘पहिलं पान. तीन आठवडे.’’

‘‘तेव्हाही सातच?’’

‘‘व्हय. एक दिस चुकला नाय. म्हणून तर मी निर्धास्त झालो. आउटलेट चोख होतं ना!’’

आबेदा मॅडम वही मिटून म्हणाल्या, ‘‘काका, तुमच्या प्लांटमध्ये घाण पाणी साफ करून बाहेर सोडतात. बरोबर? मग घाण कुठं जाते?’’

‘‘गाळ होऊन खाली बसती. ती येगळ्या नळानं काढतो.’’

‘‘किडनीत साफ झालेलं पाणी बाहेर जात नाही. ते परत आत जातं, रक्तात. तिचं आउटलेट रक्त आहे. लघवी म्हणजे तुमचा गाळाचा नळ.’’

कडूबाच्या पायाखालची जमीन सरकली. आठ महिने! आठ महिने तो गाळाच्या नळाला पट्टी लावून बसला होता. आणि गाळाच्या नळातून स्वच्छ पाणी येतंय ह्याचा अर्थ कुठलाही पोऱ्यासुद्धा सांगेल. गाळ आतच राहतोय! रोज सकाळी जे बघून त्यानं मिशी पिळली, ती धोक्याची घंटा होती. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

‘‘रक्तात एवढं आम्ल असताना लघवी पाचाच्या आसपास यायला हवी होती,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ती सातावरच अडली, म्हणजे आम्ल बाहेर ढकलणारा पंपच मोडलाय. आणि तो मोडला की पोटॅशियम गळतं. तुमच्या सोड्यानं आम्ल पुरतं मेलं नाही, उलट पोटॅशियम अजून गळालं. फकिरांची किडनी पोटॅशियम साठवते, ह्यांची सांडते. एकाच अवयवाचे दोन उलटे आजार. त्यांचं विष ते ह्यांचं औषध होतं.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘ह्या रडतात का? डोळ्यांत पाणी येतं?’’

कडूबानं चमकून वर बघितलं. ‘‘नाय. आई मेली तरी नाय आलं.’’

‘‘तोंड कोरडं, दात गेलेले, डोळे सुके. सगळं एकाच आजाराचं आहे काका. शरीरच शरीरावर उठतं. आधी अश्रू आणि थुंकी सुकवतं, मग किडनीला धरतं. आता मूळ सापडलं. आणि अर्धं तुमच्या ह्या पहिल्या पानानं सापडलं.’’

कडूबाला त्यात कसला आनंद! पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. तो ऑपरेटर होता. पंप मोडलेला प्लांट किती तास तग धरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘‘मॅडम, पंप मोडलेला, वरून पोटॅशियम मीच तोडलं. मंग ही आठ महिने जगली कशी?’’

आबेदा मॅडमनी यंत्राकडं एक नजर टाकली. साळूबाईचा श्वास अजून चौतीसावर होता, पण खोल यायला लागला होता. मग त्या सावकाश सांगायला लागल्या. ‘‘किडनी स्वतःचं एक रसायन बनवते. आम्लाला मिठी मारून बाहेर न्यायला. अमोनिया.’’

‘‘अमोनिया?’’ कडूबा उडालाच. ‘‘तो... नाक जाळणारा? आमच्याकडं त्याचा टँकर येतो मॅडम! तोंडाला मास्क बांधल्याशिवाय कुणी जवळ जात नाय!’’

‘‘तोच. डाळ-भाकरीतून जे मिळतं त्यातून बनवते. थेंबाथेंबानं, रोज. आणि गंमत ऐका. पोटॅशियम कमी झालं की किडनीच्या पेशींना वाटतं, आत आम्ल वाढलंय. मग त्या अमोनिया वाढवतात.’’

‘‘वाढवतात? मोडक्या अंगानं?’’

‘‘मोडक्या अंगानं. जेवढ्या पेशी शिल्लक आहेत तेवढ्या दुप्पट राबतात. निम्मी किडनी गेलेली, पंप मोडलेला, तरी मागचे कामगार भट्टी विझू देत नाहीत. त्या जोरावर ह्या आठ महिने चालल्या. पण तो अमोनिया आतच साचला तर ज्या जागेत बनतो तीच जागा भाजून काढतो. वर्षानुवर्षं असंच चाललं की राहिलेली किडनीही वाळून जाते.’’

कडूबाला साळूबाई दिसायला लागली. तापानं फणफणलेली असतानाही धुरात बसून भाकऱ्या थापणारी, आणि विचारलं तर ‘काय नाय, बरी हाय’ म्हणणारी. मूठभर मांसाचा गोळा, ना टँकर, ना मास्क, ना पाळी बदलायला माणूस. आणि कमी पडतंय म्हटल्यावर तो रडत नाही, जास्त राबतो. सव्वीस वर्षं ज्यानं आम्लाशी झुंज घेतली त्यानं समोरच्या खाटेवर पडलेल्या बाईला मनातल्या मनात हात जोडले. देवळातसुद्धा त्याचे हात कधी असे जोडले गेले नव्हते.

दुपारी एकला पोटॅशियम दोन पूर्णांक एक झालं. तीनला दोन पूर्णांक सात. श्वास तीसवर, मग सव्वीसवर आले, आणि मशीन कोपऱ्यात तसंच झाकून राहिलं. साडेचारला कडूबा तिच्या पायाशी बसला होता. डाव्या पायाचा अंगठा हलला. आधी त्याला भास वाटला. मग परत हलला, जोडव्याच्या बोटासकट.

‘‘हलला!’’ तो किंचाळला. ‘‘मॅडम, अंगठा हलला!’’

साळूबाईनं मान थोडी वळवली. ‘‘आवो, हळू,’’ ती पुटपुटली. ‘‘लोक बघतायत.’’

पोटॅशियम तिनाच्या वर गेल्यावर शफीनं दुसरी, छोटी बाटली टांगली. कडूबानं विचारलं, ‘‘सोडा?’’

‘‘हौ काका. अब सोडा,’’ शफी हसला.

दहाव्या दिवशी साळूबाई स्वतःच्या पायांनी घरी आली. औषधाची बाटली होती, तिच्यात पोटॅशियम आणि आम्लाचा उतारा दोन्ही एकत्र. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, चुकवायचं नाही. भाजी नेहमीसारखी करायची, नारळपाणी चालेल, आणि रोज एक केळ. ‘‘पण फकिरांना नाही!’’ असं मॅडमनी तीनदा बजावलं होतं, आणि कडूबानं येताच आधी फकिराच्या दारात जाऊन ते सांगितलं. फकिरानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. साळूबाईनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, तुमी मायेनंच सांगितलं.’’

मागच्या दारी केळीचा घड पिकायला लागला होता. वरची फणी पिवळीधमक. कडूबानं ती विळ्यानं उतरवली, पहिलं केळ सोललं आणि साळूबाईच्या हातात दिलं. मग तो तिच्यासमोर मातीतच खाली बसला.

‘‘साळू, मी तुला मारलंच होतं गं.’’

ती केळीच्या बुंध्याकडं बघत राहिली. आठ महिने पातेल्यापातेल्यानं तिच्या वाटणीचं पाणी प्यालेला तो बुंधा, दोन हातांच्या कवेत मावणार नाही असा झालेला. मग तिनं एक घास घेतला. कोरड्या तोंडात तो लवकर फिरेना. कडूबानं तांब्या पुढं केला, साध्या पाण्याचा. तिनं घोट घेतला, गिळलं आणि बुंध्यावर हात फिरवला.

‘‘तुमी फेकलंत,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या बाईनं ठेवलं सांभाळून.’’

मग अर्धं केळ त्याच्या तोंडाशी धरून म्हणाली, ‘‘घ्या. आन् उद्याची मेथी बी तुमीच करायची. पर ह्या खेपेला पाण्यासकट.’’

बोलताना तिचे डोळे लाल झाले होते, पण कोरडेच. ते कधी भरणार नाहीत हे आता कडूबाला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी केळीखाली बसून दोघांच्या वाटचं तो एकटाच रडला.